जेधे चौक ते भिडेवाडा

पुण्याच्या दक्षिण वेशीवर, जिथे साताऱ्याकडून येणारा रस्ता शहरात शिरतो आणि शिवाजी रस्ता, टिळक रस्ता व शंकरशेट रस्ता यांना आपली वर्दळ वाटून देतो, त्या जागेचे सरकारदप्तरी नाव देशभक्त केशवराव जेधे चौक असे असले, तरी लोकांच्या तोंडी मात्र स्वारगेट हेच नाव कायम राहिले आहे. या नाक्यावर पूर्वी घोडेस्वारांची चौकी असे, असे परंपरेने सांगतात. चौकी गेली, स्वार गेले, शहराची हद्द कात्रजच्या घाटापर्यंत जाऊन भिडली. पण सातारा, सांगली, कोल्हापूर या वाटांनी एसटीने येणाऱ्या माणसाला आपण पुण्यात पोचलो असे वाटण्याचे ठिकाण अजूनही हेच होय. शिक्षणासाठी आलेले विद्यार्थी, नोकरीच्या शोधात आलेले तरुण, कोर्टकचेरीच्या कामासाठी कागदांची पिशवी काखोटीला मारून आलेले शेतकरी, अशा कित्येक पिढ्यांनी पुण्याच्या भूमीवर पहिले पाऊल टाकले ते याच स्थानकाच्या आवारात. आणि ज्याच्या नावाच्या चौकात आपण उतरलो तो पुरुष कोण होता, याची चौकशी करण्याइतकी सवड त्यांपैकी फार थोड्यांना मिळाली असेल.

गेल्या काही वर्षांत या चौकाचे रूप झपाट्याने पालटले आहे. वर जेधे यांच्याच नावाचा उड्डाणपूल आहे, खाली भुयारी रेल्वेचे स्थानक आहे, आणि या दोहोंना एसटी व शहर बससेवेशी जोडणाऱ्या संकुलाची योजना आहे. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालयापासून स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग सुरू झाला आणि मुठेच्या पात्राखालून, कसबा पेठ व मंडई यांच्या पोटातून, जुन्या पुण्याला त्याच्या वाड्यांच्या पायाखालून ओलांडण्याची सोय झाली. हे भुयार खोदणाऱ्या यंत्रांना मुळा, मुठा आणि पवना अशी नद्यांची नावे देण्यात आली होती, ही गोष्ट मला फार समर्पक वाटते. कारण या शहराचा जन्म नद्यांच्या काठी झाला आणि त्याच्या जमिनीखालचा इतिहासही मुख्यतः पाण्याचाच आहे. सायंकाळी पर्वतीच्या माथ्यामागे सूर्य उतरू लागला म्हणजे उड्डाणपुलाच्या कठड्यांवर क्षणभर तांबूस प्रकाश रेंगाळतो, सरकत्या जिन्यांवरून माणसे भूगर्भातून वर येत राहतात, बसगाड्यांचे दिवे लागतात, आणि या सगळ्या नव्या स्थापत्याचे एक लक्षण ध्यानात येते. ही सारी रचना जाण्यासाठी केलेली आहे. लवकर जावे, अडखळल्यावाचून जावे, एका वाहनातून दुसऱ्या वाहनात कमीत कमी पावलांत जावे, हा तिचा हेतू आहे आणि तो हेतू रास्त आहे, कारण या चौकात ज्यांचे अर्धे आयुष्य खोळंब्यात गेले त्यांनाच या सोयीचे मोल कळेल. परंतु जिथे स्मरणासाठी एखाद्याचे नाव दिले जाते तिथे माणसाला थोडे थांबता आले पाहिजे, आणि थांबण्याची जागा मात्र या नव्या आराखड्यांत कोठे दिसत नाही.

मार्च २०१९ मध्ये या संकुलाच्या पायासाठी खोदकाम चालू असता जमिनीखाली एक जुना बांधीव भुयारी मार्ग उघडा पडला. प्रथम तर्कवितर्क पुष्कळ झाले, आणि गुप्त वाटेच्या कल्पनेने काही दिवस वर्तमानपत्रांचे रकाने भरले. पण तो पाण्याच्या जुन्या व्यवस्थेचा भाग असावा, असेच जाणकारांचे मत पडले. त्यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नव्हते. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला कात्रजला तलाव बांधून तेथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी नळ आणला आणि शहराच्या पेठांतून हौद भरविले; पर्वतीच्या पायथ्याशी तळे करविले, त्याच तळ्याच्या जागी आज सारसबाग आहे. पुढे इंग्रजी अमलात १८७० च्या दशकात खडकवासल्याचे धरण पुरे झाले आणि त्याचा उजवा कालवा पर्वती व स्वारगेटच्या बाजूने हडपसरकडे वळविण्यात आला. स्वारगेटजवळ रस्ता ओलांडताना आजही तो कालवा दिसतो. त्याच्या पाण्याकडे पाहवत नाही हे खरे, पण त्याची रेषा तीच आहे.

या कालव्याशी आणि या साताऱ्याच्या रस्त्याशी जोतीराव फुले यांचा संबंध आहे, ही गोष्ट पुणेकरांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. जोतीराव हे समाजसुधारक म्हणून आपल्या परिचयाचे. परंतु ते व्यवसायाने कंत्राटदार होते, हा त्यांच्या चरित्राचा भाग आपण बहुधा ओझरता वाचून पुढे जातो. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी या नावाने त्यांचा कारभार चाले. कात्रजच्या घाटातील बोगदा, येरवड्याकडचा पूल, खडकवासल्याचे धरण या कामांवर त्यांनी दगड, चुना व माणूसबळ पुरविण्याचे काम केले. बांधकामाचे हिशोब ते आतून जाणत होते. मजुराच्या हाती काय पडते आणि मध्येच कोणाच्या खिशात काय राहते, हे त्यांनी दप्तरावरून नव्हे तर प्रत्यक्ष कामावर उभे राहून पाहिले होते. १८८३ साली त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला, त्यात सरकारी पाटबंधाऱ्यांवर आणि शेतकऱ्याला मोजून पाणी मिळण्याच्या व्यवस्थेवर जो परखड विचार आहे, त्याला हा अनुभव कारण झाला, असे मला नि:संशय वाटते. म्हणून स्वारगेटच्या कालव्याच्या काठी उभे राहिल्यावर, पुण्यातील फुल्यांच्या स्मारकांची यादी इथूनच सुरू करावी असे मनात येते. या यादीत कोणी कधी हा कालवा धरला नाही.

आता ज्यांच्या नावाचा हा चौक, त्या केशवराव जेध्यांकडे वळू. त्यांचा जन्म २१ एप्रिल १८९६ चा, पुण्यातला. भोर संस्थानातील कारी गावचे जेधे देशमुख हे त्यांचे मूळ घराणे. शिवछत्रपतींच्या कार्यात प्रारंभापासून पाठीशी उभे राहिलेले कान्होजी जेधे याच कुळातले. पुण्यात आल्यावर या कुटुंबाने पितळी भांड्यांच्या धंद्यात जम बसविला. वडीलबंधू बाबूराव जेधे हे राजर्षी शाहू महाराजांच्या विश्वासातील सत्यशोधक कार्यकर्ते होते, आणि शुक्रवार पेठेतील त्यांचे राहते घर, जेधे मॅन्शन, हे पुढे ब्राह्मणेतर चळवळीचे जणू मुख्य ठाणेच झाले. तेथे सभा भरत, पत्रके लिहिली जात, गणेशोत्सवातील छत्रपती मेळ्याची पदे बसविली जात. आणि खेड्यापाड्यांतून आलेल्या कार्यकर्त्याला तेथे जेवणाचे पान व झोपायला जागा मिळे. चळवळी व्याख्यानांवर चालतात असे आपण समजतो, पण त्या चालतात त्या बऱ्याच अंशी अशा एखाद्या घराच्या स्वयंपाकघरावर.

१९२५ साली केशवराव पुणे नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी महात्मा फुले यांचा पुतळा शहरात उभारावा असा ठराव मांडला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२४ मध्ये, मंडईत लोकमान्य टिळकांचा पुतळा बसला होता आणि त्याचे अनावरण मोतीलाल नेहरूंच्या हस्ते झाले होते. ज्या शहराने आपल्या एका थोर पुत्राचा असा गौरव केला त्याने दुसऱ्याचाही करावा, ही मागणी आज आपल्याला इतकी सरळ वाटते की तिच्यावर वाद कसा झाला असेल याचीच कल्पना करवत नाही. पण वाद झाला, आणि फार कडवट झाला. फुल्यांची योग्यता काय, त्यांनी शहरासाठी केले काय, येथपर्यंत प्रश्न गेले. ठराव नामंजूर झाला. जोतीरावांना जाऊन तेव्हा पस्तीस वर्षे झाली होती. मुलींची पहिली शाळा, अस्पृश्यांसाठीच्या शाळा, विधवांच्या बाळंतपणाची सोय, सत्यशोधक समाज, एवढे सगळे ज्या शहरात घडले त्या शहराच्या पालिकेने त्यांच्या पुतळ्यासाठी चार हात जागा देण्याचे नाकारले. त्या सभेत कोणी बाजूने आणि कोणी विरुद्ध मत दिले, हे ज्या दप्तरात असेल ते दप्तर माझ्या मते पुणे शहराच्या अत्यंत महत्त्वाच्या दस्तऐवजांपैकी एक आहे.

या नकाराचा पुढचा परिणाम म्हणजे 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक. दिनकरराव जवळकरांनी ते लिहिले, जेध्यांनी प्रसिद्ध केले, आणि त्यातील टिळक व विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावरील जहाल टीकेमुळे खटला उभा राहिला. खालच्या न्यायालयाने शिक्षा ठोठावली. अपिलात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते नुकतीच वकिली सुरू केलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि १९२६ मध्ये सर्वांची सुटका झाली. त्या पुस्तकाची भाषा आज वाचवत नाही, आणि तिचे समर्थन करण्याचे कारणही नाही. परंतु ज्यांना पुतळ्याचा सरळ मार्ग बंद करण्यात आला त्यांच्या हातून असे लेखन झाले, तर त्याची जबाबदारी केवळ लिहिणाऱ्यावर टाकून मोकळे होता येणार नाही.

केशवरावांचे थोरपण असे की ते या कडवटपणात अडकून राहिले नाहीत. १९३० च्या कायदेभंगात ते काँग्रेसमध्ये गेले. काकासाहेब गाडगीळांशी त्यांचा जो स्नेह जुळला त्याने महाराष्ट्रातील काँग्रेस शहरी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यातून शेतकऱ्याच्या ओसरीपर्यंत पोचली. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसशी मतभेद झाले तेव्हा शंकरराव मोऱ्यांसह त्यांनी शेतकरी कामगार पक्ष उभा केला. पुढे पुन्हा ते काँग्रेसमध्ये परतले. आणि ६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना ज्या सभेत झाली तिचे अध्यक्षस्थान केशवराव जेध्यांकडे होते, आणि सभेची जागा होती टिळक स्मारक मंदिर. तीस वर्षांपूर्वी ज्याला टिळकभक्तांनी शत्रूच्या रांगेत बसविले होते, तोच पुरुष टिळकांच्या नावाच्या वास्तूत सर्व पक्षांना एकत्र बसवून मराठी राज्याची मागणी मांडत होता. हे मंदिर ज्या टिळक रस्त्यावर आहे तो रस्ता येऊन मिळतो स्वारगेटलाच. १२ नोव्हेंबर १९५९ रोजी केशवराव गेले. अवघ्या सहा महिन्यांनी, १ मे १९६० रोजी, त्यांनी मागितलेले राज्य अस्तित्वात आले. ते त्यांना पाहायला मिळाले नाही.

स्वारगेटहून शिवाजी रस्त्याने उत्तरेकडे चालू लागले की संध्याकाळच्या गर्दीतही जुन्या पुण्याची चाहूल लागते. नव्या इमारतींच्या मधोमध एखादा वाडा अजून तग धरून असतो. खालच्या मजल्यावर दुकाने, वर लाकडी खिडक्यांची रांग, आणि दर्शनी भागावर विकासकाचा फलक. या फलकांवर येऊ घातलेल्या इमारतीचे चित्र असते. ती ज्या वाड्याच्या जागी उभी राहणार त्याचे नाव बहुधा नसते. याच रस्त्यावर खडकमाळ आळीत मामलेदार कचेरी आहे. पुरंदर तालुक्यातील भिवडीचे उमाजी नाईक यांना इंग्रजांनी ३ फेब्रुवारी १८३२ रोजी या जागी फाशी दिले. त्यांचे स्मरण आज तेथे केले जाते. परंतु त्यांच्या बंडाची तपशीलवार हकीकत आपल्याला मिळते ती ज्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांचा पाठलाग केला त्या कॅप्टन मॅकिंटॉशने १८३३ साली रामोशांवर लिहिलेल्या पुस्तकातून. आपल्या माणसाची कथा परक्याच्या दप्तरातून काढावी लागते, असे या शहरात वारंवार घडले आहे.

कचेरीपासून पूर्वेला वळून गल्ल्यागल्ल्यांतून गेले की पूर्वीची गंज पेठ, म्हणजे आताची महात्मा फुले पेठ लागते, आणि तिथे समताभूमी, फुल्यांचा वाडा. वाडा म्हटले की पुण्यात जे भव्य चित्र डोळ्यांपुढे येते त्यातले इथे काही नाही. कौलारू, बसके घर, पुढे ओटा, आवारात दगडी विहीर, मागे तुळशीवृंदावन. भोवतीचा परिसर दाट वस्तीचा, सायकली आणि दुचाक्यांनी भरलेला. संध्याकाळी मुले खेळत असतात आणि शेजारच्या घरांतून फोडणीचा वास येत असतो. या वास्तूच्या विस्ताराच्या आणि जवळच्या सावित्रीबाई फुले स्मारकाशी ती जोडण्याच्या योजना आखल्या जातात, आणि त्यासाठी भोवतालच्या घरांच्या संपादनाची चर्चा होत असते. मला इथे एकच सुचवावेसे वाटते, की जोतीराव राहत होते ते वस्तीत, बागेत नव्हे. शेजाऱ्यांना दूर सारून केलेली हिरवळ पाहायला कितीही सुबक दिसली तरी तिने या घराचा अर्थ कमी होईल.

कारण या घराचा अर्थच शेजारधर्माशी निगडित आहे. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. हौद हा शब्द आपण आज सहज उच्चारतो. परंतु पेशवाईत कात्रजहून आलेल्या नळांच्या हौदांवर कोणी पाणी भरावे आणि कोणी दूर उभे राहावे याचे नियम कसे होते, हे आठवले म्हणजे त्या एका कृतीचे वजन कळते. ज्या वर्षी चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला ते वर्ष १९२७. त्याच्या एकोणसाठ वर्षे आधी गंज पेठेतील एका माळ्याने हे केले होते. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांनी याच घरात देह ठेवला. आपल्याला पुरावे, जाळू नये, अशी त्यांची इच्छा होती आणि घराच्या मागे त्यांनी त्यासाठी जागाही तयार करवून ठेवली होती. पण वस्तीत पुरण्यास नगरपालिकेने परवानगी दिली नाही, तेव्हा दहन करावे लागले. अंत्ययात्रेत पुढे टिटवे धरण्याचा प्रश्न आला तेव्हा भाऊबंदांच्या हरकतीला न जुमानता ते सावित्रीबाईंनी स्वत: हाती घेतले. अस्थी घराच्या मागे आणून ठेवल्या. तीच आजची समाधी. म्हणजे नगरपालिकेने जोतीरावांना पहिली जागा नाकारली ती १८९० मध्ये, आणि दुसरी १९२५ मध्ये.

पुन्हा पश्चिमेकडे येऊन शिवाजी रस्ता गाठला की मंडई. अष्टकोनी मध्यभाग, त्यावर उंच मनोरा आणि आठ दिशांना पसरलेली दालने अशी ही गॉथिक धाटणीची वास्तू खासगीवाल्यांच्या बागेच्या जागेवर उभी राहिली आणि १८८६ साली तिचे उद्‌घाटन झाले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला रे मार्केट म्हणत. त्यापूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात उघड्यावर भरे. नवी मंडई बांधण्याची तजवीज चालू होती तेव्हा जोतीराव नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते (१८७६ ते १८८२), आणि एवढा पैसा इमारतीवर खर्च करण्यापेक्षा तो शिक्षणाकडे लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा विरोध मानला गेला नाही. पुढे १९३८ च्या सुमारास आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने याच वास्तूला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. ज्या इमारतीला जोतीरावांनी विरोध केला तिलाच त्यांचे नाव लाभले, यात काहींना विसंवाद वाटतो. मला तसे वाटत नाही. भाजी पिकविणारा माळी, ती डोक्यावर घेऊन येणारी बाई आणि ती विकत घेणारे गिऱ्हाईक यांचे हे घर. फुल्यांचे नाव शोभावे असे स्थळ पुण्यात याहून दुसरे नव्हते. पुतळ्याला जागा नाकारणाऱ्या शहराने तेरा-चौदा वर्षांत आपल्या रोजच्या बोलण्यात ते नाव घ्यायला सुरुवात केली, याचे श्रेय अत्र्यांना आहे तितकेच जेध्यांच्या फसलेल्या ठरावाला आहे. ३ डिसेंबर २००३ रोजी दिल्लीत संसदेच्या आवारात फुल्यांचा पुतळा उभा राहिला. त्या प्रवासाचा पहिला, हरलेला ठराव पुण्याच्या दप्तरात १९२५ च्या पानावर आहे.

आता मंडईजवळही भुयारी स्थानक आहे. संध्याकाळी त्यातून वर आले की समोर मेथीच्या जुड्या, शेवंतीचे ढीग आणि मंडईचा तो मनोरा दिसतो. नव्या आणि जुन्या स्थापत्याची अशी समोरासमोर गाठ पुण्यात क्वचितच पडते, आणि इथे जुन्याने आपले स्थान सोडलेले नाही, कारण त्यात अजून भाजी विकली जाते. वापर हेच जुन्या वास्तूचे खरे संरक्षण असते. ज्या इमारतीला रोजचे काम आहे तिची कौले कोणी ना कोणी बदलतो.

भिडेवाड्याचे तसे झाले नाही. बुधवार पेठेत, दगडूशेठ हलवाई गणपतीच्या समोर, तात्यासाहेब भिडे यांच्या या वाड्यात १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई यांनी मुलींची शाळा काढली. भिड्यांनी जागा दिली, हे आवर्जून सांगितले पाहिजे, कारण त्या काळी अशा कामाला जागा देणे म्हणजे आपल्याच समाजाचा रोष पत्करणे होते. पुढे शाळा गेली, वाड्याचे मालक बदलले, तळमजल्यावर दुकाने झाली, छप्पर ढासळले, आणि स्मारकाची मागणी व ताब्याचा वाद यांत वर्षामागून वर्षे गेली. दर्शनासाठी येणारे हजारो लोक त्या जीर्ण भिंतींकडे पाठ करून रांगेत उभे राहत आणि पाठीमागे काय आहे हे त्यांना सांगणारे कोणी नसे. अखेर नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात वादाचा निकाल लागला, आणि ४ डिसेंबरच्या रात्री जागेचा कबजा घेऊन उरलासुरला वाडा उतरविण्यात आला, तो राष्ट्रीय स्मारक बांधण्यासाठी.

येथे एक प्रश्न उभा राहतो. मूळ वास्तू गेल्यावर तिच्या जागी उभारायचे काय? दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी वॉर्सा शहराचा जुना भाग जमीनदोस्त केला तेव्हा पोलंडच्या लोकांनी जुनी चित्रे व नकाशे समोर ठेवून तो विटेविटेने पुन्हा बांधला, आणि १९८० मध्ये त्याची जागतिक वारशात नोंद झाली. पुण्याचा अनुभव निराळा आहे. १८२८ च्या आगीत शनिवारवाडा जळाला तो परत कोणी बांधला नाही. आज आपण त्याची जोती आणि दरवाजा पाहतो, आणि त्या रिकाम्या जोत्यांवर उभे राहून पेशवाईची कल्पना करतो. दोन्ही मार्गांत प्रामाणिकपणा आहे. परंतु नव्या सिमेंटच्या भिंतीला जुन्या वाड्याचा मुखवटा चढविणे आणि आत दिव्यांचे खेळ मांडणे हा तिसरा मार्ग मात्र मला धोक्याचा वाटतो, कारण त्यात पाहणाऱ्याला जुने पाहिल्याचे समाधान मिळते आणि जुने काय होते हे तो विचारीतच नाही. ज्यांनी दगड-चुन्याच्या प्रत्येक गाडीचा हिशोब स्वत: पाहिला, त्या कंत्राटदार जोतीरावांच्या स्मारकात तरी बांधकाम जे आहे तेच दिसावे.

भिडेवाड्याच्या जागी काहीही उभे राहो, तिथे एक खोली तरी चालत्या वर्गाची असावी. पेठांतील घरकाम करणाऱ्या, बाजारात बसणाऱ्या, शाळा अर्धवट सुटलेल्या मुली व बायका संध्याकाळी येऊन वाचायला-लिहायला शिकतील, असा वर्ग. १८४८ साली जे तिथे चालले होते ते हेच होते, आणि त्याला फार मोठ्या इमारतीची गरज नव्हती. मंडईचा मनोरा जसा भाजीमुळे टिकला तसे हे स्मारक त्या वर्गामुळे टिकेल.

आणि स्वारगेटच्या नव्या संकुलाचे काम ज्यांच्या हाती आहे त्यांना, पुणे महानगरपालिकेला व मेट्रोच्या अधिकाऱ्यांना, माझी विनंती आहे. प्रवाशांच्या येण्याजाण्यात अडथळा न होईल अशी चार माणसांना उभे राहता येईल एवढी जागा तिथे राखावी. जमिनीखाली सापडलेल्या त्या जुन्या पाणीमार्गाची माहिती तिथे लावावी. आणि केशवराव जेधे यांच्या नावाखाली जन्ममृत्यूच्या तारखांबरोबर १९२५ चा तो ठराव, तो कोणी मांडला, कशासाठी मांडला आणि कोणत्या मतांनी फेटाळला गेला यासह, मूळ दप्तरावरून जसाच्या तसा कोरावा. ते दप्तर महानगरपालिकेचेच आहे. ते शोधून काढण्याचे कामही तिनेच केले पाहिजे.